नियाज आर्ट, जुने शहर, अकोला

तळखेड, ता. जि. अमरावती
४ ऑगस्ट २००७

नियाज,

रामराम नाही, सलाम नाही, सरळ मुद्द्यावर येतो. माझ्या शेवंतीच्या वाफ्यात तुझी सही काय करते आहे?

परवा सकाळी पाणी सोडायला गेलो, तर विहिरीजवळ नव्या लावलेल्या रोपांच्या मधोमध दोन लोखंडी पायांवर एक पिवळा बोर्ड उभा. तो रोवताना अठरा रोपं तुडवली, मी मोजली. बोर्डावर लिहिलंय, 'ओरवेला इंटरनॅशनल टेक्नो-झोन. प्रस्तावित संपादन क्षेत्र. गट क्र. ११२. हरकत असल्यास तीस दिवसांच्या आत आमच्या संकेतस्थळावर ऑनलाइन नोंदवावी.' मजकूर नंतर वाचला, आधी तो 'क्ष' पाहूनच फावडं खाली टाकलं. एवढ्या लांब शेपटीचा 'क्ष' अख्ख्या वऱ्हाडात एकच माणूस काढतो. तरी म्हटलं, नसेल. वाकून पाहिलं तर खाली कोपऱ्यात लाल रंगात, 'नियाज आर्ट, जुने शहर, अकोला'.

धामणगाव रेल्वेच्या जिनिंगमध्ये मी गाठी शिवायचो आणि तू त्यांवर नंबर घालायचास. तेव्हाही तू प्रत्येक गाठीच्या कोपऱ्यात आपलं नाव घालायचास. मॅनेजरने तुला विचारलं होतं, कापूस तुझ्या बापाचा आहे का? आज मी विचारतो, शेत तुझ्या बापाचं आहे का?

म्हणे परदेशातून पैसा येणार आणि इथे संगणकाचं शहर उठणार. काचेच्या इमारती, सहापदरी रस्ते, जमिनीखालून तारा. सध्या गावात बारा तास वीज नसते, पण ती गोष्ट वेगळी. कापसाने या दोन-तीन वर्षांत साऱ्या गावाला रडवलं. माझ्या घरची चूल विझली नाही ती फक्त या अडीच एकर फुलांमुळे. तीच नेमकी तुझ्या क्षेत्रात आली.

फोन करणार होतो. पण जिनिंगच्या खडखडाटाने तुझे कान नेले. मी फोनवर ओरडतो, तू 'कोण?' विचारतोस आणि उत्तर सारं गाव देतं. म्हणून लिहितो. उत्तर दे.

वामन

•

जुने शहर, अकोला
९ ऑगस्ट २००७

वामन,

तू घातला नाहीस तरी मी सलाम घालतो. पार्बतावहिनींना रामराम.

माझी हकीकत ऐक. माझ्या दुकानाच्या पुढच्या अर्ध्या भागात आमच्या अरीबने फ्लेक्सचं मशीन बसवलं. बटण दाबलं की मशीन पुढाऱ्यांचे वाढदिवस ओकत सुटतं. मी मागच्या भागात, पाण्याच्या माठाशेजारी. गिऱ्हाईक आलंच तर पाणी प्यायला. अशात एक दिवस जीपमधून कंपनीचा माणूस उतरला. माझ्या पाटीवर लिहून म्हणाला, शेतातल्या वाऱ्यात फ्लेक्स फाटतो, पत्र्याचे चाळीस बोर्ड हाताने रंगवून हवेत. सात वर्षांत पहिल्यांदा माझ्या पोराच्या तोंडावर कुणीतरी म्हणालं की ब्रश बरा. मी नाही म्हणायला हवं होतं का?

सहीचं म्हणशील, तर मी स्मशानाच्या बोर्डावरही सही केली आहे. म्हणून मी यमाचा भागीदार झालो नाही.

आणि तुझ्या शेताला मी विहिरीचा तुकडा म्हणून ओळखतो. वहिनींच्या वडिलांनी दिलेला तुकडा म्हणून ओळखतो. एकशेबारा म्हणून तू त्याची माझ्याशी कधी ओळख करून दिलीस? मला यादी मिळाली, मी नंबर घातले. मी पेंटर आहे. लोक मजकूर देतात, मी रंगवतो, वाचत नाही. वाचत बसलो असतो तर अर्ध्या शहराचे बोर्ड रागाने परत केले असते.

अठरा रोपांचं वाईट वाटलं. खरंच वाटलं.

नियाज

ता. क. तुमच्या गावाहून मला तीन अर्ज आलेत. वर 'मा. मालकसाहेब, नियाज आर्ट' असं लिहिलंय. ही काय भानगड आहे?

•

तळखेड
१६ ऑगस्ट २००७

प्रिय नियाज,

भानगड तुझ्या सहीनेच केली आहे, आता निस्तर.

बोर्डावर ऑनलाइन हरकत नोंदवा असं लिहिलंय. आमचा गोपाल सात-आठ जणांना घेऊन अमरावतीच्या सायबर कॅफेत गेला. पान काही उघडलं नाही. पडद्यावर एक चक्र फिरत राहिलं. हे दोन तास त्या चक्राकडे पाहत बसले. मोतीरामने तर हात जोडले, त्याला वाटलं आतून काही देव निघतो. शेवटी कॅफेवाल्याने यांना बाहेर काढलं.

मग माजी सरपंच खुशालरावांनी चावडीवर सभा घेतली. म्हणाले, "संकेतस्थळ जाऊ द्या चुलीत. कंपनीचा पोस्टाचा पत्ता पाहा." साऱ्या गावाने बोर्ड वाचला. साऱ्या बोर्डावर पत्ता एकच, तुझा. त्या क्षणापासून तू कंपनीचा मालक झालास.

मी घसा फोडून सांगितलं, बाबांनो, तो पेंटर आहे, माझा दोस्त आहे. त्यावर मोतीराम म्हणतो, "दोस्त हाये, म्हून तर लपवून राहिला. याले सारं आतून भेटलं असन." आता मी पानठेल्यावर गेलो की लोक बोलायचे थांबतात आणि मला बसायला जागा देतात. पंचावन्न वर्षांत असा मान कधी मिळाला नव्हता. फुकट मिळतोय तर मीही जास्त खुलासा करत नाही.

तू आपला अर्ज बाजूला ठेवत जा. माझ्या हरकतीचं विचारू नकोस, माझं मी पाहीन.

जहाँआराभाभींना नमस्कार.

वामन

•

जुने शहर, अकोला
२५ ऑगस्ट २००७

वामन,

आमचे पोस्टमन नत्थुजी माझ्याशी बोलत नाहीत. तसंही मला ऐकू येत नाही, पण आता ते तोंडही हलवत नाहीत. मोर्णेचा पूल ओलांडून सायकलवर रोज पिशवीभर टपाल आणायचं आणि सगळं एकाच दारात ओतायचं म्हणजे काय गंमत आहे? काल त्यांनी पिशवी आपटली आणि पाटीवर खडूने लिहून दिलं, 'एवढी पत्रं कलेक्टरले बी येत नाई.'

एकशे एक्केचाळीस झाली. पहिली मी ऑर्डरी समजून फोडली. हरकती आहेत, नोकरीचे अर्ज आहेत. एकाने पासपोर्ट फोटो पाठवलाय, त्यात त्याच्यासोबत बैलही आहे. जहाँआरा गावागावाप्रमाणे गठ्ठे बांधून साखरेच्या रिकाम्या पोत्यात ठेवते. मला चहा देताना पाटीवर लिहिते, 'कंपनीके मालिक, चाय पी लो, ठंडी हो रही.'

परवा तर खुशालरावच आले. सोबत दहा माणसं, शाल, श्रीफळ. माझ्या गळ्यात हार घातला. फुलं तुझ्याच शेतातली होती, गाठ मारायची पद्धत मी ओळखतो. मग ते अर्धा तास बोलले. माझी सवय तुला माहीत आहे, समोरचा बोलत असला की मी मान हलवतो, नाहीतर माणसाला वाईट वाटतं. मी हलवली. ते फार खूश झाले. मोतीराम तर रडला. मी नेमकं कशाकशाला हो म्हणालो ते जरा चौकशी करून कळव.

आणि वामन, तळखेडचा गठ्ठा मी दोनदा पाहिला. तुझा अर्ज त्यात नाही. मुदत पहिल्या सप्टेंबरला संपते.

नियाज

•

तळखेड
२९ ऑगस्ट २००७

नियाजभाऊले पार्बतीचा रामराम.

सूनबाई लिहून राहिली, मी बोलून राहिली. तिले म्हटलं, जसं बोलते तसंच लिही, सुधरवू नको.

भाऊ, मले ठाऊक हाये तुमी कंपनी नाई. गावातले सारे बह्याड झाले. पन मले दुसरा कोनाचाच पत्ता ठाऊक नाई. आन् तुमच्याकडे गेलेलं पत्र कोनीतरी फोडन, एवढं मले समजते.

वावर माह्या बापानं मले देल्लं. सातबाऱ्यावर माहं नाव पयलं हाये, यायचं दुसरं. कंपनीचा मानूस तीनदा घरी येऊन गेला. दर वेळेस मी चहा केला, पन मले कोनी इचारलं नाई. म्हून मी अर्ज करून राहिली का माहं 'नाई' हाये.

हे काहीतरी लपवून राहिले. जेवताना माह्याकडे पाहत नाईत आन् भाजीले चांगली म्हनतात. गोप्याले कंपुटरची नोकरी भेटनार, असं त्यायले कोनं तरी सांगतलं. गोप्याले घरातला टीव्हीचा रिमोट सापडत नाई.

तुमाले हात जोडून सांगते, यायले मी अर्ज केल्याचं कळवू नका. लय मनाले लावून घेतात.

भाभीले सांगजा, वांगे पाठवले ते भरताचे हायेत, रस्स्यात टाकाचे नाई.

पार्बताबाई

ता. क. अर्जाचा नीट मसुदा वेगळ्या कागदावर जोडला आहे. त्यावर सासूबाईंनी स्वतः सही केली आहे. पाव तास लागला, पण अंगठा द्यायला त्यांनी साफ नकार दिला. आजच्याच टपालात टाकते. — प्रतीक्षा

•

तळखेड
५ सप्टेंबर २००७

प्रिय नियाज,

तू हो म्हणालास त्याची यादी अशी. प्रत्येक घरी एक नोकरी, गावाला नवीन पाण्याची टाकी, मारुतीच्या देवळाला कळस आणि मोतीरामच्या मेव्हण्याची बदली. यापुढे मान हलवायची असेल तर आडवी हलव.

आता माझं ऐक आणि वाचून झाल्यावर हे पत्र चुलीत घाल. मी हरकत पाठवली नाही, कारण मी संमतीपत्रावर सही केली आहे. बोर्ड लागल्यावर आठव्या दिवशी. कंपनीचा माणूस म्हणाला, घरच्या मालकाची एक सही पुरते, आणि गोपालला पक्की नोकरी. पोरगा बी.ए. होऊन तीन वर्षं घरी बसला आहे, सून तिच्या माहेरी काय सांगत असेल कोण जाणे. मी फुलं विकून त्याला शिकवलं आणि आता त्याला माझ्यासोबत टोपली उचलायला लाज वाटते. मला ते दिसतं. मी काय करायला हवं होतं?

तुला त्या बोर्डावरून एवढं बोललो तेव्हा माझा राग खराच होता. सही नंतर केली. पण तुला सांगायला तोंड नव्हतं.

पार्बतीला यातलं काही सांगू नकोस. तिच्या वडिलांचा तुकडा आहे, तिला वाईट वाटेल. तिला समजावायला मी योग्य वेळ पाहतो आहे. सध्या तिच्या स्वयंपाकाची तारीफ करतो आहे.

वामन

•

जुने शहर, अकोला
१२ सप्टेंबर २००७

वामन,

तुझं पत्र चुलीत घातलं. देवाने मला बहिरं केलं, त्याऐवजी मुकं केलं असतं तर तुझ्या घरच्या लोकांशी पत्रव्यवहार सोपा गेला असता. एवढंच म्हणतो. यावर मला काही विचारू नकोस.

आता माझी पंचाईत ऐक. सत्तावीस तारखेला अमरावतीला जाहीर सुनावणी आहे. काल कंपनीचा माणूस दुकानात आला. पोतं पाहिलं. पोती, कारण आता दोन झाली आहेत. तो हसला आणि माझ्या पाटीवर लिहून म्हणाला, 'काका, ही रद्दी विकून टाका आणि गेटच्या बोर्डाच्या तयारीला लागा.'

झोनच्या गेटाचा बोर्ड, वामन. तीस फूट रुंद, अक्षर चार फुटांचं. 'ओरवेला'मधला 'ओ' एवढा मोठा होईल की त्याच्या पोटात मी उभा राहून टोपी घालू शकेन. असा बोर्ड मी आयुष्यात रंगवला नाही. आता यापुढे हाताने असा बोर्ड कुणी रंगवणारही नाही. अरीबने ते वाचलं आणि पहिल्यांदा मशीन बंद करून माझ्याजवळ येऊन बसला. पाटीवर लिहिलं, 'अब्बा, शिडी मी धरीन.'

रद्दी दिली तर गेट मिळेल. पोती सुनावणीला नेली तर गेट गेलं. तू सांग, मी काय करू? माझं डोकं चालत नाही.

पोळ्याला तुझ्या बैलांसाठी शिंगांचा रंग पाठवला होता. लाल लवकर वाळतो, निळ्याला वेळ द्यायचा होता. दिला नसशीलच.

नियाज

•

[पोस्टकार्ड]

तळखेड
१७ सप्टेंबर २००७

नियाज, विचार कसला करतोस? रद्दी दे आणि गेट रंगव. तू बाहेरून रंगव, गोपाल आत नोकरी करील, मी गेटजवळ हारांचं दुकान टाकीन. सगळ्यांचं भलं आहे. पार्बतीची काळजी करू नकोस, तिला यातलं काही कळत नाही. गणपतीच्या फुलांची गर्दी आहे, जास्त लिहीत नाही. निळा वाळला नव्हता, बैलाने माझ्या धोतराला पुसला. वामन.

•

तळखेड
२९ सप्टेंबर २००७

प्रिय नियाज,

तू सुनावणीला येऊन गेलास आणि न भेटता गेलास, त्याबद्दल नंतर भांडू. पण तिथे काय काय झालं हे तुला ऐकू आलं नसणार. म्हणून सगळं लिहून कळवतो. ते तुझं तुलाच सांगावं लागतंय.

मी संमतीवाल्यांच्या रांगेत बसलो होतो. कंपनीने आम्हाला वेगळ्या खुर्च्या दिल्या होत्या, गादीच्या. टायवाल्या साहेबाने लॅपटॉप उघडून मोठ्या पडद्यावर दाखवलं, 'प्राप्त हरकती: शून्य'. सुनावणीचे अधिकारी म्हणाले, "चाळीस गटांतून एकही नाही? छान." आणि पेनाचं टोपण काढलं. खुशालराव उठून ओरडले, "साहेब, आमी समद्यायनं अर्ज देल्ले!" टायवाला म्हणाला, सिस्टीममध्ये नाहीत.

तेवढ्यात तू आलास. एसटीचा हमाल पुढे, डोक्यावर एक पोतं. मागून तू, पाठीवर दुसरं, रोजा असल्याने तोंड सुकलेलं. तू सरळ जाऊन पोतं साहेबांच्या टेबलावर ठेवलंस. साखरेच्या मुंग्या अजून होत्या त्याला. साहेबांनी विचारलं, "आपण कोण?" तू मान हलवलीस. ते म्हणाले, "कंपनीचे आहात का?" तू मान हलवलीस. टायवाला उडालाच. मग तू खिशातून पाटी काढून लिहिलंस, 'मी पेंटर. पत्ता माझा. पत्रं यांची.'

यापुढचं तू पाहिलंस पण ऐकलं नाहीस. टायवाला म्हणाला, चुकीच्या पत्त्यावर गेलेले अर्ज धरता येत नाहीत. साहेबांनी विचारलं, "बोर्ड कोणी लावले?" "आम्ही." "त्यावर दुसरा कुठला पत्ता होता?" "संकेतस्थळ होतं, सर." साहेब म्हणाले, "उघडा बघू आत्ता." त्याने उघडलं. आणि नियाज, ते चक्र आलं! एवढ्या मोठ्या पडद्यावर चक्र फिरायला लागलं. साहेब पाहतात, टायवाला पाहतो, चारशे माणसं पाहतात. मोतीराम मागून म्हणाला, "आमच्याकडे बी असंच फिरते, साहेब. चहा पिऊन या." सारा हॉल हसला, साहेबही हसले. पाच मिनिटं थांबून त्यांनी टोपण परत पेनाला लावलं आणि म्हणाले, कंपनीच्या बोर्डावर एकच पत्ता होता, तिथे मुदतीत पोचलेली प्रत्येक हरकत मी मुदतीत धरतो. पोस्टाचे शिक्के पाहून नोंद करा.

नंतर कारकून नावं वाचायला लागला. मी गादीच्या खुर्चीत निवांत होतो. तळखेडचा गठ्ठा निघाला. "पार्बताबाई वामनराव, गट क्रमांक एकशेबारा." मला वाटलं खुर्ची खालून निघाली. टायवाला म्हणाला, एकशेबाराची संमती आहे, मालक इथेच बसलेत. साहेबांनी सातबारा पाहिला. मला म्हणाले, "पहिलं नाव यांचं आहे. यांना विचारलं होतं?" चारशे माणसं माझ्याकडे पाहत होती. मी मान हलवायला गेलो, पण मला ऐकू येतं ना. मी म्हणालो, "नाई साहेब. चहा तिनंच केला होता, पन इचारलं नाई."

साहेबांनी मग नोकरीचं पान काढायला लावलं. गोपालच्या नावापुढे लिहिलं होतं, 'सुरक्षा रक्षक, गेट क्र. २'. नकाशात गेट क्रमांक दोन आपल्या विहिरीवर आहे. म्हणजे माझ्या पोराने काठी घेऊन उभं राहायचं आणि मला माझ्याच शेतात येऊ द्यायचं नाही. मी संमती परत मागितली.

घरी आलो. पार्बती दारात बसून शेवंतीच्या कळ्या खुडत होती. तिला सगळं आधीच कळलं होतं, प्रतीक्षाच्या मोबाइलवर. मी म्हणालो, चुकलो. ती म्हणाली, "जेवून घ्या. आज भाजी चांगली झाली नाई, खरं सांगाल." मला रडू आलं, लपवत नाही.

तुझं गेट गेलं. माझ्या पोस्टकार्डाची मला लाज वाटते. तू का आलास?

वामन

•

जुने शहर, अकोला
१६ ऑक्टोबर २००७

वामन,

ईद झाली. शीरखुर्म्याचा डबा एसटीने पाठवला होता, पार्बतावहिनींना मिळाला असेल. डबा परत पाठवायचा आहे, तो जहाँआराच्या माहेरचा आहे. माहेरच्या वस्तूंचं काय होतं ते तुला आता कळलं आहे.

गेट गेलं. कंपनीच्या माणसाने ते काम आमच्या अरीबलाच द्यायचं ठरवलं, तीस फुटांचा फ्लेक्स. अरीबने नाही म्हटलं. पाटीवर लिहून मला कारण दिलं, 'मशीन छोटी है.' मशीन छोटी नाही. मला माहीत आहे.

मी का आलो विचारतोस. वहिनींचं पत्र माझ्याकडे होतं आणि तुझं चुलीत घातलेलं डोक्यात होतं. एकाला वाचवायचं तर दुसऱ्याला फसवायला लागत होतं. पण खरं कारण निराळं आहे. रद्दीवाला आला होता. मी पोती त्याच्यापुढे ओतली. वजन करताना तो एकेक गठ्ठा उचलत होता आणि मला प्रत्येकावरचं अक्षर ओळखू येत होतं. तुमच्या गावच्या मैनाबाई आहेत ना, त्यांनी कुणाकडून तरी लिहून घेतलं होतं, 'वावर घ्या पन बांधावरची चिंच पाडू नका. मले दिसत नाई बराबर, मी चिंचेच्या सावलीवरून घराकडे वळते.' मी ते तराजूतून परत घेतलं. मग बाकीचीही घेतली. रद्दीवाल्याने मला काय म्हटलं ते सुदैवाने ऐकू आलं नाही.

चाळीस वर्षं मी दुसऱ्यांचे शब्द रंगवले. मला कुणी पत्र लिहिलं ते फक्त तू. आणि आता एकदम दोनशे सहा माणसांनी लिहिलं. चुकून का होईना, माझ्या नावावर आलं होतं.

न भेटता गेलो कारण तू गादीच्या खुर्चीवर होतास. तिथे तुला पाहून मला वाईट वाटत होतं.

नियाज

•

तळखेड
१८ नोव्हेंबर २००७

प्रिय नियाज,

दिवाळीचा फराळ डब्यातून पाठवला आहे. डबा परत आला आहे याची भाभींनी नोंद घ्यावी.

बातमी अशी की नवीन नकाशा निघाला. झोन पूर्वेच्या पडीक माळावर सरकला. विहिरींचा पट्टा वगळला, मैनाबाईंची चिंचही वगळली. चिंच वगळल्याचं सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मंग? मी अर्ज देल्ला होता." झोन होणार की नाही ते देव जाणे, आम्ही आता चक्र फिरताना पाहून घाबरत नाही. गोपालने अमरावतीत फुलबाजाराजवळ हारांचं दुकान लावलं. लग्नाच्या गाड्या सजवायच्या ऑर्डरी मोबाइलवर घेतो. टोपली मात्र मीच उचलतो, त्याच्या म्हणण्याप्रमाणे तो मॅनेजमेंट पाहतो.

तुझे बोर्ड काढले. मोतीरामने गोठ्याला दार केलं, त्याची म्हैस आता प्रस्तावित संपादन क्षेत्रात बांधलेली असते. आमचा बोर्ड मी कोंबड्यांच्या खुराड्यावर टाकणार होतो. पार्बती नको म्हणाली. तिचं म्हणणं, पुसून त्यावर नीट लिहून घ्या. म्हणून बोर्ड सकाळच्या अकोला गाडीने पाठवतो आहे. काय लिहायचं ते तू ठरव, पण तिचं नाव पाहिजे. या वेळी तिला विचारूनच लिहितो आहे.

शेवंती फुलली आहे. त्या अठरा रोपांच्या जागी पार्बतीने नवीन अठरा लावली.

वामन

•

जुने शहर, अकोला
२५ नोव्हेंबर २००७

वामन,

बोर्ड तयार आहे. उद्याच्या अमरावती गाडीने येतो, कंडक्टरला सांगितलंय की हा मालकाचा बोर्ड आहे, उभा आण. निळा रंग आहे, त्याला दोन दिवस हात लावू नकोस. तू लावशीलच, म्हणून वहिनींना वेगळं कळवलं आहे.

पिवळा पुसून पांढरा केला. वर मोठ्या अक्षरात 'पार्बताबाईंची शेवंती'. चार फुटांचा 'ओ' नशिबात नव्हता, पण 'शे'ची मात्रा अशी काढली आहे की सडकेवरून दिसेल. त्याखाली लहान अक्षरात 'मदतनीस: वामनराव'. गट नंबर घातला नाही. अरीब दोन तास माझ्याशेजारी पत्रा धरून बसला होता. मशीन चालूच होतं, कुणाचा तरी वाढदिवस आपोआप छापून झाला.

खाली कोपऱ्यात सही आहे. पत्ताही आहे, या वेळी जरा मोठा. जहाँआराने पाटीवर विचारलं, पुन्हा कशाला पत्ता? मी म्हटलं, असू दे. कुणाला काही सांगायचं असलं तर पाठवावं.

आता मी वाचतो.

नियाज